सुरूची फांदी आणि हलगी

नोव्हेंबर सरत आला की ते चित्र मोबाइलवर न चुकता येतं. डोक्याभोवती किरणांचा मुकुट असलेला रोमन सूर्यदेव आणि खाली लाल अक्षरांत: २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नव्हेच, हा तर सूर्याचा सण! मला हे दरवर्षी दोघांकडून येतं. एक माझा मावसभाऊ. तो काही वर्षांपूर्वी एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला आणि तेव्हापासून त्याच्या घरी नाताळ बंद आहे. दुसरे माझे एक जुने सहकारी. त्यांना एवढंच ऐकवायचं असतं की बघा, तुम्हा ख्रिस्ती लोकांचं स्वतःचं असं काहीच नाही. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि समोरासमोर आले तर दोन मिनिटांत भांडतील. चित्र मात्र एकच.

समजही एकच. एखाद्या सणाचं मूळ सापडलं की त्याचा निकाल लागला. मला हा समजच मान्य नाही. पण आधी मुळाचंच बघू, कारण तिथेही फार खोल खणलेलं दिसत नाही.

ऑरेलियन बादशहाने रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’चं मंदिर बांधलं ते २७४ साली, एवढं पक्कं. पण त्या सूर्याचा उत्सव २५ डिसेंबरला होत असे, याचा सर्वांत जुना लेखी पुरावा मिळतो इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगवजा बाडात. आणि ख्रिस्तजन्म २५ डिसेंबरचा, याचाही पहिला निर्विवाद पुरावा त्याच बाडात आहे. मग कोणी कोणाची तारीख उचलली? दुसरं एक गणितही होतं. येशूचं क्रूसावरचं मरण २५ मार्चला झालं असं त्या काळी बरेच जण धरत, आणि गर्भधारणेचा दिवसही तोच असणार, अशी एक श्रद्धा होती. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ६ एप्रिल धरला, त्यांचं उत्तर ६ जानेवारी आलं. सॅटर्नेलिया या रोमन उत्सवाचं नाव घेणारेही असतात, पण तो उत्सव १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या आसपास संपत असे.

सूर्याशी नातं नव्हतंच, असंही मी म्हणत नाही. पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात वैतागून सांगतो की काही ख्रिस्ती लोक संत पेत्राच्या महामंदिराच्या पायऱ्या चढून जातात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकतात. सवयी अशा एका बाप्तिस्म्यात जात नसतात.

ईस्टरची गोष्ट तर आणखी पोकळ आहे. ईस्टर म्हणजे बाबेलची देवी इश्तार, हे समीकरण लोकप्रिय केलं १८५८ च्या सुमारास अलेक्झांडर हिस्लॉप नावाच्या एका स्कॉटिश पाळकाने. रोमन कॅथलिक पंथ म्हणजे बाबेलचाच धर्म, हे त्याला सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी त्याला कानाला सारखे लागणारे शब्द पुरत असत. खरा धागा एवढाच, की बीड या इंग्रज साधूने ७२५ साली लिहून ठेवलं की अँग्लो-सॅक्सन लोकांचा एक महिना एओस्त्रे नावाच्या देवीवरून ओळखला जाई. या देवीबद्दल दुसरा कुठलाही जुना उल्लेख नाही. शिवाय हा सगळा वाद इंग्रजी आणि जर्मन या भाषांपुरताच. बाकी बहुतेक युरोप या सणाला ‘पास्खा’वरून, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून, आलेलं नाव देतो आणि आपला शेजारी गोवेकर सरळ ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतो. नाताळही पोर्तुगिजांकडून आलेला शब्द, अर्थ ‘जन्माचा’. (मूळचा लॅटिन ‘नातालिस’ त्या अजिंक्य सूर्याच्या नोंदीतही आहे, पण हे मावसभावाला अजून कळलेलं नाही. मी सांगणार नाही.)

समजा, हे सगळं खोटं आणि ते चित्र खरं. तारीख सूर्याकडूनच घेतली. मग? माझा भाऊ दर आठवड्याला ज्या दिवशी उपासनेला जातो त्या दिवसाचं नाव रविवार आहे. रवी म्हणजे कोण, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इंग्लंडातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हा विचार शेवटपर्यंत नेला होता. ते वारांची नावंच टाळत आणि ‘पहिला दिवस’, ‘दुसरा दिवस’ असं म्हणत. यहोवाचे साक्षीदार नाताळ, ईस्टर आणि वाढदिवसही पाळत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांच्या हिशेबात खोट नाही. आमच्यात बहुतेकांची शुद्धता मात्र सोयीने चालते. कुठे चालते आणि कुठे थांबते, हे बघण्यासारखं आहे.

नगरकडच्या ख्रिस्ती घरात मी वाढलो. आमच्याकडे नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. रंगाच्या रिकाम्या डब्यात माती आणि विटांचे तुकडे भरून ती उभी करायची, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या चांदण्या कापून लावायच्या आणि मग वर कापूस. कापूस म्हणजे बर्फ. नगरच्या डिसेंबरात थंडी असते, पण बर्फ बघितलेला माणूस आमच्या गल्लीत एकही नव्हता. तरी दरवर्षी औषधाच्या दुकानातून कापसाची गुंडाळी यायची आणि आजोबा स्वतः तो पिंजून फांदीवर पसरायचे. ही फांदी ख्रिस्ती आहे की नाही, असा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नाही.

आता यातला विनोद बघा. नगरला आमच्या पूर्वजांपर्यंत शुभवर्तमान आणलं अमेरिकन मराठी मिशनने, १८३१ साली. त्या मिशनची पाठवणी करणारी मंडळी होती बोस्टनकडची, म्हणजे जुन्या प्युरिटनांची, त्या कडव्या प्रोटेस्टंटांची, नातवंडं-पतवंडं. आणि या प्युरिटनांइतका नाताळाचा दुस्वास कोणी केला नसेल. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ आणि ईस्टर दोन्ही रद्द केले आणि त्या नाताळात कँटरबरीत लोकांनी दंगल केली. बोस्टन ज्या प्रांतात, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. बायबलात या सणाची आज्ञा नाही, तारीख परधर्मीयांची आहे आणि लोक दारू पितात, ही त्यांची कारणं. तिसरं कारण खरंच असणार. मिशनरी नगरला पोचले तेव्हा त्यांच्या मॅसॅच्युसेट्सात नाताळची सरकारी सुट्टीसुद्धा नव्हती. ती १८५६ ला मिळाली. त्यांच्याच पंथाचा जन्म जिथला, त्या ब्रिटनच्या उत्तरेत, स्कॉटलंडमध्ये, ती सुट्टी यायला १९५८ उजाडलं.

म्हणजे ज्यांनी आम्हाला धर्म दिला त्यांचे आजे-पणजे ज्या गोष्टीला मूर्तिपूजकांची घाण म्हणत, ती दोन-तीन पिढ्यांत आमच्याकडे ‘आपली ख्रिस्ती पद्धत’ झाली. जर्मनांची फांदी, उत्तर युरोपचा बर्फ, सगळं पावन होऊन आलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो पुढचा. युरोपच्या भूतकाळाला एवढी माफी मिळाली, तर आमच्याच भूतकाळाला ती का नाही? झाडावरचे दिवे चालतात, मग उंबऱ्यावरची पणती दिसली की पाळकसाहेबांचं तोंड का उतरतं?

चर्चच्या इतिहासात याची दोन्ही उत्तरं सापडतात. पोप ग्रेगरीने ६०१ साली इंग्लंडात निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला पत्र पाठवलं: देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच उपासना करा. हे लोक देवांना बैल कापतात ना, मग संतांच्या सणाला चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालू दे त्यांना, तिथे बैल कापून देवाचे आभार मानत जेवू दे. डोंगर चढणारा पायरी-पायरीने चढतो, उडी मारत नाही. या पत्राचं कौतुक सगळे करतात. त्याच सुमारास त्याच ग्रेगरीने इंग्लंडातल्या केंटच्या एथेलबर्ट राजाला देवळं पाडून टाक असं लिहिलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. पोपचंही मत बदलू शकतं. मला ते आवडतं.

मांडवाची ही मोकळीक केंटच्या शेतकऱ्याला मिळाली. गोव्यातल्या साष्टीच्या शेतकऱ्याला काय मिळालं? १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं ओवीछंदातलं ख्रिस्तपुराण छापून आलं, ते आपण शाळेत अभिमानाने वाचतो. पुढे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढला. ख्रिस्ती लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. हळद लावायची नाही. अंगणात तुळस ठेवायची नाही. धोतर नेसायचं नाही. भात शिजवताना हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही. मिठाचं कलम वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही, कारण माणसाचं भातातलं मीठ तपासायचं तर कोणीतरी त्याच्या चुलीपर्यंत जायला हवं.

आणि तरी, गोव्यात लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस चोळतात तो ‘रोस’ आजही आहे. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचं कोणसाचं फेस्त आहे. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा सुगीचा आगेरा आहे, लग्नातलं उंबराचं पाणी आहे. वाजतगाजत पाणी भरायला निघालेल्या बायकांना कोणी बायबलातला, परराष्ट्रीयांच्या चाली शिकू नका म्हणणारा यिर्मयाचा दहावा अध्याय वाचून दाखवत नाही. आमच्या प्रोटेस्टंट बाजूला नारायण वामन टिळक होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि आम्हाला टाळ दिला. १९६९ साली तर व्हॅटिकननेच भारतातल्या कॅथलिकांना मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आरती, जमिनीवर बसणं, हात जोडून वंदन अशा गोष्टींची मुभा दिली. त्यावर ओरड झाली ती इथल्याच कॅथलिकांची: हे हिंदूकरण आहे. गुडघे टेकणं रोमन दरबारातलं की कुठलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

इथपर्यंत माझी बाजू सोपी आहे. बऱ्याच लेखांत ती इथेच संपते: मूळ महत्त्वाचं नाही, भाव महत्त्वाचा, सगळे सण सगळ्यांचे. मला तसं म्हणता येत नाही. कारण मावसभावाने एकदा मला असा प्रश्न विचारला की मी गप्प झालो. तो म्हणाला, “दादा, त्या सूर्याला आज पूजणारं कोणी उरलंय का? लक्ष्मीला आहे.”

बरोबर आहे. सुरूच्या फांदीमागचा देव, असलाच कोणी तर, कधीच मेला. पणतीमागची देवता शेजारच्या ब्लॉकमध्ये दर दिवाळीत पाटावर बसते. मेलेल्या देवाशी उदारपणे वागायला काही लागत नाही. माझी ‘युरोपला माफी, आम्हाला नाही’ ही तक्रार खरी असली तरी अर्धीच खरी आहे.

हा प्रश्न नवा नाही. प्रेषित पौलाने ज्या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिली, त्या करिंथात देव जिवंतच होते. बाजारातलं मांस बऱ्याचदा देवळातून आलेलं असे. ते खावं की नाही, यावर पहिल्या पत्रात त्याने तीन अध्याय घालवले. इंग्रजीत वाचताना ही काहीतरी जुनी, परकी भानगड वाटते. मराठी शास्त्रात त्याला शब्द वापरलाय ‘नैवेद्य’, आणि करिंथ एकदम आपल्या जिन्यात येतं. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नाही. बाजारात विकतात ते विचारत न बसता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका. आणि ते तुमच्या नव्हे, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. देवळातल्या पंगतीला मात्र बसू नका. नियम एक नाही, चार आहेत, आणि ते एकमेकांना थोडे धडकतात. मला वाटतं म्हणूनच ते उपयोगी आहेत.

आमच्या शेजारच्या काकूंना करिंथकर कोण हे ठाऊक नव्हतं. दिवाळीत त्या फराळाचं ताट आणायच्या: चकली, अनारसे, कडबोळी, वर विणलेला रुमाल. आमची आत्या ते घ्यायची, हसायची आणि दार लागलं की कामवालीला देऊन टाकायची. लक्ष्मीपूजनाचं, म्हणून. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. एका वर्षी काकू ताट घेऊन दुपारीच आल्या. आत्याच्या हातात देता देता म्हणाल्या, “यंदा नैवेद्य दाखवायच्या आधीच तुमचं बाजूला काढलंय हो. आता खा.” म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आत्या काही बोलली नाही. ताट ओट्यावर ठेवलं, उभ्या उभ्याच अनारसा मोडला, खाल्ला. नाताळला त्यांच्याकडे जाणारा केक त्या वर्षीपासून बिनअंड्याचा होऊ लागला.

पौलाने तीन अध्यायांत जे सांगायचा प्रयत्न केला ते काकूंनी एका वाक्यात केलं, असं माझं मत आहे. त्यांनी त्यांची लक्ष्मी सोडली नाही आणि आत्याला तिचा विश्वास सोडायला लावला नाही. अनारशाचं मूळ काय, हा प्रश्न त्या ताटात नव्हताच.

दुसरी गोष्ट आजोबांची, आणि ती मला जास्त अडवते. कापूस पिंजणारे, कॅरोलला पेटी वाजवणारे, टाळ-मृदंगाला कधी ना न म्हणणारे आजोबा हलगीचं नाव काढलं की भडकायचे. नाताळच्या फेरीत तरुण पोरांनी एकदा कुठून तरी हलगी आणली. आजोबांनी ती पोराच्या हातातून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली, अगदी शाळेत पोराला उभं करतात तशी. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला देशी वाद्यांचा राग आहे, मिशनऱ्यांनी डोकं फिरवलंय. पुढे कळलं. त्यांचे वडील मरीआईच्या जत्रेत ती बडवायचे. आवडीने नव्हे. मांगवाड्यातल्या माणसाने ती बडवायचीच असते म्हणून. देवीपुढे वाजवायची, पण देवीच्या चौथऱ्याला शिवायचं नाही. संपल्यावर ओंजळीत वरून धान्य पडायचं. बाप्तिस्मा घेतल्यावर पणजोबांनी पहिली गोष्ट कुठली सोडली असेल तर ती हलगी.

आता हे ‘मूर्तिपूजक मूळ’ म्हणायचं का? आजोबा तोंडाने तेच म्हणत, “ते देवीचं आहे.” मंडळीत बोलायला त्यांच्याकडे तेवढीच भाषा होती. पण त्यांना त्या कातड्यात देवी दिसत नव्हती, बापाची ओंजळ दिसत होती. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजातल्या कितीतरी जुन्या नकारांच्या खाली हे आहे. संस्कृतीकरणावरची, म्हणजे धर्म इथल्या संस्कृतीत रुजवण्यावरची, व्याख्यानं देणारे, ‘आपली माती, आपले सण’ म्हणणारे बहुधा अशा घरांतून आलेले नसतात, ज्यांना सण म्हणजे काम होतं. टिळक चित्पावन होते. त्यांनी सोबत आणलेलं अभंगाचं धन त्यांना मानाने मिळालेलं होतं. पणजोबांना जे मिळालं होतं ते टाकून देणं हीच त्यांची सुटका होती. म्हणून मी टिळकांचा टाळ वाजवतो आणि आजोबांनी भिंतीकडे वळवलेली हलगी पण समजू शकतो. दोघांना एकाच नियमात बसवणारा नियम मला नको आहे.

तेव्हा मावसभावाला माझं उत्तर एवढंच. सणाचं मूळ इसवी सन २७४ मध्ये शोधू नकोस, तो पुरावा तुलाही लागत नाही आणि मलाही. तो सण आज, इथे, कोणाकडून काय करवून घेतो ते विचार. पणती लावताना तू कोणाला वाकतोयस का? नसशील, तर ती पणती आहे, तेल आणि वात. इसवी सन २०० च्या सुमारास तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक कुरकुरत होता की परधर्मीयांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारावर सणाचे दिवे आणि लॉरेलच्या माळा जास्त दिसतात. तो चिडका होता आणि त्याच्या चिडीला कारणही होतं. ते दिवे बादशहाच्या नावाने लागत, आणि त्या बादशहाचा अंमल पुढे कुठवर गेला असता ते त्याला दिसत होतं. दारावरचा दिवा कोणाच्या धाकाने लागतोय, हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. मागच्या काही वर्षांत ‘सगळ्यांनी लावलेच पाहिजेत’ असे दिवे आपण पाहिलेत. तसा दिवा मी लावणार नाही. काकूंनी ताट आणलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन शुभ दीपावली म्हणेन, आणि घरी येऊन आकाशकंदील लावेन, जो पुढे नाताळचा तारा म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत तसाच लटकतो. आमच्याकडे माळ्यावर एकच आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत नाताळच्या कार्यक्रमाची सभा झाली. तरुण संघाने पुन्हा हलगीचा विषय काढला. त्यांच्या बापांनी, आजोबांनी ती कोणाच्या पुढे बडवलेली नाही. ही पोरं ती स्पर्धांत वाजवतात, बक्षिसं आणतात, त्यांना ती अभिमानाची वाटते. एक म्हणाला, “आमच्या बापजाद्यांकडून ती सक्तीने वाजवून घेतली, आता आम्ही आमच्या देवापुढे आमच्या मर्जीने वाजवणार.” याच्या तोडीचा युक्तिवाद मी कुठल्याही धर्मशास्त्राच्या ग्रंथात वाचलेला नाही. मी त्यांच्या बाजूने हात वर केला.

मग मागच्या बाकावरच्या एक आजी उठल्या. नव्वदीच्या आसपासच्या असतील. म्हणाल्या, “मी मेल्यावर वाजवा.” आणि बसल्या.

मी हात खाली घेतला. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या वर्षावर टाकला. पोरं नाराज झाली, पण उलट कोणी बोललं नाही. सभा सुटल्यावर ती मागच्या खोलीत गेली. तिथे सुरूची फांदी येऊन पडली होती. एकाने डबा शोधला, एकाने विटा आणि एकजण कापूस आणायला दुकानात पळाला.